म्हाताऱ्याची तब्येत उत्तम आहे

३ मार्च
ही रोजनिशी फक्त प्राण्यांबद्दल. माझं रडगाणं इथे नको.
आमचा कुत्रा, म्हणजे म्हातारा, सकाळी जेवला नाही. काळजीचं कारण नाही, हवा बदललीय. फिरायला नेलं. फाटकापाशी तो बसला, म्हणून मीही बसलो. बसणं हासुद्धा व्यायामच.

५ मार्च
मोबाइलवर गरुडाचं घरटं लाइव्ह दिसतं. कुणीतरी झाडावर कॅमेरा लावलाय. दोन पिल्लं, कापसाच्या बोळ्यांसारखी. आई मासा फाडून इवले तुकडे भरवते.
लगेच म्हाताऱ्याला हाताने भरवलं. चार घास खाल्ले.
ही म्हणाली, "तुमचं मन राखायला खातोय तो."
लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला प्राण्यांतलं काही कळत नाही.

९ मार्च
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मूत्रपिंडं थकलीत म्हणाल्या. त्याला त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आता आपल्या हातात.
मी विचारलं, टॉनिक? त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं थोपटलं. मग लिहून दिलं. म्हणजे आशा आहे.

१४ मार्च
टीव्हीवर डायनासोरचा सिनेमा. ही माणसांसाठी जीव मुठीत धरून बसलेली. मी त्या जनावरांकडे बघत होतो. एवढं मोठं धूड, आणि पाण्याची सोय कुठेच दिसली नाही. शिवाय अंगावर पिसं नाहीत. गरुडाच्या नात्यातले, आणि असे बोडके?
पण कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर रक्ताच्या थेंबातून उभं केलं. आमचा तर अजून जिवंत आहे. डॉक्टरीणबाईंना तसा फोन केला.
"काका, तो सिनेमा आहे," त्या म्हणाल्या.
ते मलाही ठाऊक आहे. मुद्दा वेगळा होता.

१२ एप्रिल
पिल्लांना काळी पिसं आली. घरट्याच्या काठावर पंख पसरून उड्या मारतात. म्हाताऱ्याला फोन दाखवला. शेपटी एकदा हलवली. स्पष्ट सुधारणा. हिला सांगितलं. ही आतल्या खोलीत गेली आणि नाक लाल करून आली. सर्दी असावी.

१५ एप्रिल
पायऱ्या चढवत नाहीत त्याला. मी उचलून आणतो. पूर्वी किती जड लागायचा. माझी ताकद वाढली असणार.

२० एप्रिल
आज पाणीही नको म्हणाला.
ही म्हणाली, "तुमच्यासाठी अजून किती थांबवणार आहात त्याला?"
उन्हाळा सरला की बघू, म्हटलं. ती त्याच्याजवळ गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. तो कण्हला. मग मीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

२१ एप्रिल
डोकं माझ्या मांडीवर होतं. शेवटची सुई भरताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला त्याच्याशी. फिरायला जाऊ या, एवढंच सुचलं. कान हलला.
दोघंच घरी आलो. दार बोटभरच उघडलं, अगदी हळू. दाराला टेकून झोपतो तो, लागायला नको.
ही मागून म्हणाली, "उघडा पूर्ण."