संक्रांतीचा सेंटर हाफ

३ जाने. ७८, मंगळवार

आज दुकानात जे ऐकलं ते अजून पचलं नाही. लिहून पाहतो, लिहिल्यावर तरी खरं वाटते का.

सकाळी आपल्या वाशीमच्या हॉकी टीमच्या सेक्रेटरीचा जवाई आला. उन्हाळ्यात लग्न झालं, पहिल्या संक्रांतीले सासरी आला. पुसदले बँकेत आहे. गोरा, गोल, बोलायले गोड. मले वाटलं कोट शिवायचा असन. टेप लावला. छातीचं माप झालं, पोटावर आलो तर टेप सोडतच राहावा लागला.

"मास्तर, जरा ढिला ठेवजा. पळता आलं पाह्यजे."
"कोट घालून कायले पळता बापा?"
"कोट नाई हो, हॉकीचा शर्ट. टूर्नामेंटचा."
"नंबर?"
"पाच."

टेप हातातून सुटला. पाच म्हणजे सेंटर हाफ. पाच म्हणजे जऊळक्याचा गौतम! सहा वर्षं झाली, पाच नंबर त्या पोट्ट्याच्या पाठीवरून हालला नाही. आकडे मी पांढऱ्या कापडाचे कापतो, मराठीत. पाचाचा पुठ्ठ्याचा साचा त्याच्यासाठीच केला. "मास्तर, ५ ची शेपटी लांब ठेवा, पळताना मस्त दिसते," म्हणाला होता. तेव्हापासून लांब.

ऑलिंपिकात सातवे आलो त्या दिवशी रेडिओ बंद करून उपाशी बसलो होतो. पण ते मॉन्ट्रियल, कुठल्या कुठं. हे तर माह्याच दुकानात, माह्याच टेपनं.

५ जाने., गुरु.

सलीमभाईच्या सायकल दुकानात गेलो. टीमचा गोलकीपर अन् कॅप्टन. म्हटलं, तुले माहीत होतं? तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत राह्यला.
"मालूम था."
"मंग बोलला काहून नाई?"
"जवाई हाये, मास्तर. कोण बोलन?"

घ्या! हा कॅप्टन.

मंग मीच सेक्रेटरीकडं गेलो. वकील माणूस, बोलण्यात कोण पुरणार. विचारलं, गौतमचं काय चुकलं? म्हणे, "काई नाई चुकलं. पोट्टा चांगलाच हाये. पण पहिली संक्रांत हाये, मास्तर. कॉलेजात हॉकीत होते म्हणते. आता घरचीच टीम असून जवायाले बसवून कसं ठेवाव?"

म्हटलं, ठेवा मंग दुसऱ्या जागी. तर काय म्हणावं यानं! "फॉरवर्डले लय पळाव लागते. फुल बॅकले मार लागते. सेंटर हाफ बरा. मधात उभं राह्यलं का झालं."

मधात उभं राह्यलं का झालं!! हे वाक्य ऐकून मी पायऱ्या कशा उतरलो मले माहीत नाही. अरे, सेंटर हाफ म्हणजे मशीनचा पट्टा. तो तुटला का चाक, सुई सगळं जागच्या जागी. अन् हा माणूस टीम निवडते. लोक पहिल्या संक्रांतीले जवायाले कपडे देते, यानं सेंटर हाफची जागा दिली.

सौ. म्हणे, तुमचं बीपी वाढन. वाढू दे.

७ जाने., शनि.

आज फार वाईट झालं.

गौतम पॅसेंजरनं आला, स्टिकले नवी पट्टी गुंडाळून. त्याले कोणीच सांगतलं नव्हतं. प्रॅक्टिसले गेला तर कमिटीवाले तोंड फिरवून आपसात बोलत राह्यले म्हणते. तिथून सरळ माह्याकडं.
"मास्तर, माहा शर्ट?"
"तुहा नाई शिवला यंदा."
हसला. मी मस्करी करून राह्यलो असं वाटलं त्याले. खुंटीवरचा पाच त्यानं स्वतःच काढला, अंगाले लावून पाह्यला. दोन गौतम मावले असते.
"हा कोणाचा?"
"सेक्रेटरीच्या जवायाचा."

त्यानं शर्टाची नीट घडी केली. बाह्या आत घेतल्या. टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाला. पाणी मागितलं, पेला, अन् स्टेशनवर गेला.

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. अन् मले हे कळत नाही, सांगायचं काम कोणाचं होतं? कमिटीचं का माहं?

९ जाने., सोम.

पहिली मॅच, अकोल्याच्या पोट्ट्याईसोबत. टीमा चारच, जिंकलं का सरळ फायनल. जिंकलो. एक गोल. कसे जिंकलो देव जाणे, सलीमभाईच्या पॅडनं जिंकलो.

पण मैदानावर जे पाह्यलं ते जन्मात पाह्यलं नव्हतं. आपल्या वाशीमची पब्लिक! अंपायर घाबरते आपल्या तोंडाले. आज सारे चिडीचूप. जवाई चेंडूवर स्टिक मारे, चेंडू पुढं निघून जाय, स्टिक हवेत. मागून कोणी सुरू केलं, "अबे ए भैता—" अन् गिळलं. मंग तोच आवाज, एकदम नरम: "जवाईबापू, पास द्या ना."

पास द्या ना! सेंटर हाफले! बाजूले सेक्रेटरीकडच्या बाया खुर्च्यांवर, थर्मास घेऊन. सेक्रेटरीचा जवाई म्हणजे गावाचा जवाई. कोण तोंड उघडन? माह्या तोंडात आलेल्या शिव्या तशाच घेऊन घरी आलो, अन् सौ.वर ओरडलो. तिनं डाळ जास्त शिजवली होती, एवढंच.

सेक्रे. मैदानातून जाता जाता म्हणे, "पाह्यलं मास्तर? निवड बरोबर होती का नाई?"

हा माणूस वेडा आहे का मी?

१० जाने., मंगळ.

दुपारी गौतम आला. काखेत पिवळं कापड. पिवळा रंग कारंज्याच्या टीमचा.
"कारंज्याकडून खेळून राह्यलो, मास्तर. परवा मॅच हाये."

मी जे बोललो ते बोलायले नको होतं. म्हटलं, लाज नाही वाटली? वाशीमनं तुले खेळाडू केलं. तो म्हणे, "कारंज्याचे दोघं जऊळक्याले आले होते. आमच्या घरी बसले, मायच्या हातचा चहा पेले. म्हणे आमाले सेंटर हाफ पाह्यजे. मायले इचारलं, पोराले पाठवता का? मास्तर, सहा वर्षांत वाशीमचं कोण आलं आमच्या बौद्धपुऱ्यात?"

कोणी नाही. मी पण नाही. मी तर त्याची माय कशी दिसते हेही सांगू शकत नाही.

"शर्ट तिकडं कोणीबी शिवून देतं," म्हणे. "पण पाच तुमच्याच साच्याचा पाह्यजे."

ठेव म्हटलं कापड. पाहतो म्हटलं.

११ जाने., बुध.

सकाळपासून कापड टेबलावर. शिवू का नको. रविवारी फायनल, अन् उद्या कारंजा जिंकलं तर फायनल आपल्यासोबतच. आपल्याच हातानं आपल्या गळ्याले सुरी.

सौ. भाकर घेऊन आली. पाहत राह्यली. मंग म्हणे, "टीम त्याईची, जवाई त्याईचा. मशीन तर तुमची हाये ना?" अन् गेली. तिले हॉकीतलं ढेकळं कळत नाही.

शिवला. आकडा इंग्रजी कापाव असं ठरवलं, म्हणजे कोणी ओळखणार नाही. पेपरावर 5 काढला, कापला, पाठीवर ठेवून पाह्यला. दुसऱ्याच कोणाचा शर्ट वाटला. फेकला. फळीवरून जुना साचा काढला.

१२ जाने., गुरु.

कारंजा जिंकलं. तीन गोल. काय खेळला पोट्टा! कोणाचा चेंडू कुठं येणार हे चेंडूच्या आधी याले माहीत. मी झाडाखाली उभा होतो, मुद्दाम दूर. टाळी नाही वाजवली. हात खिशात ठेवले.

पण ५ ची शेपटी सगळ्या गावानं ओळखली. संध्याकाळी सेक्रे. स्वतः दुकानात.
"मास्तर, तो आकडा तुमच्या हातचा दिसते."
"गिऱ्हाईक आलं, शिवला."
"ही गावाशी बेइमानी हाये."

मी! बेइमान! या टीमसाठी उन्हात उभं राहून टाळू जाळली. टीमचे कपडे शिवताना कधी कापडाची चिंधी घरी नेली नाही. अन् ज्यानं सेंटर हाफ हाकलला तो मले बेइमान म्हणते. जिभेवर आलं होतं. तो पायरी उतरून गेला तरी जिभेवरच होतं.

१४ जाने., शनि., संक्रांत

जायचं नव्हतं. सौ. म्हणे, सणाच्या दिवशी नाही कसं जाव. गेलो सेक्रेटरीकडं.

जवाई पाटावर, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याचा नारळ. समोर तिळाच्या पोळ्या, त्यावर तूप. सासू वाढतच होती. तो हळूच म्हणे, "उद्या मॅच हाये." सासू म्हणे, "म्हणूनच म्हणते, एवढी तर घ्या." घेतली बिचाऱ्यानं. माह्याकडं एकदा असं पाह्यलं का काही बोलायचं असन. पण सासरा आला.

सेक्रे.नं माह्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला, मास्तर. उद्या मैदानावरबी."

खाल्ला.

१५ जाने., रवि.

आत्ताच मैदानावरून आलो. लिहितो.

फायनल. आपण हिरवे, ते पिवळे. खेळ सुरू करायच्या बुलीले मधात दोघं पाच नंबर समोरासमोर, दोघाईच्या पाठीवर माहाच आकडा. गौतमनं जवायाले खाली वाकून नमस्कार केला. पब्लिक हसली, मी नाही हसलो.

आपला गोल आधी झाला, पेनल्टी कॉर्नरवर. मंग सगळा खेळ गौतमचा. जवायाच्या डावीकडून जाय, उजवीकडून जाय. जवाई खरंच मधात उभा होता, सेक्रे. म्हणाला होता तसाच. मले वाटलं आता पाच-सहा गोल खाऊ. पण सलीमभाई! छाती, गुडघा, बोटं, जे हाती आलं ते मधात घातलं त्यानं.

शेवटी गौतम स्वतःच घुसला गोलपुढच्या डीत. दोघाईले चकवलं. मारला. गोलच्या फळीवर खण्ण.

"गोऽऽल!"

कोणीतरी उभं राहून ओरडलं. सारं गाव मागं वळलं. माह्याकडं का पाहून राह्यले हे मले पटकन कळलंच नाही. मंग कळलं. तोंड माहंच उघडं होतं.

सलीमभाई जाळीतून चेंडू काढून राह्यला होता. कोपरातून रक्त. माह्याकडं पाह्यलं. "मास्तर, तुम भी?" एवढंच म्हणाला. सेक्रे.नं बेइमान म्हटल्यानं जे झालं नव्हतं ते या तीन शब्दांनी झालं.

एक-एक. अंधार पडला. उद्या चार वाजता पुन्हा मॅच.

१६ जाने., सोम., सकाळ

दुकान उघडलं तर पायरीवर जवाई. एकटाच. पेपरात गुंडाळलेला हिरवा शर्ट. काखेत उसवला होता.

"दोन टाके हायेत, बसा. चहा सांगतो, तेवढ्यात होते."
"नका करू, मास्तर."
"काय नका करू?"
"शर्ट. आज होत नाई म्हणा. कापड फाटलं म्हणा. काईबी म्हणा."

मंग जवाईच सांगू लागला. म्हणे, "मी हॉकी खेळलो नाई कधी. कॉलेजात मॅचचा स्कोर लिहत होतो. सासरेबुवाले तेवढंच सांगतलं होतं, हॉकीत होतो म्हणून. त्याईनं सगळ्या गावासमोर पाच नंबर देला. पहिली संक्रांत हाये, मास्तर. सासऱ्याले नाई कसं म्हणाव?"

तो म्हणे सासऱ्याले नाही कसं म्हणाव. सासरा म्हणे जवायाले नाही कसं म्हणाव. अन् या दोघाईच्या मधात माही टीम! हसाव का डोकं आपटाव, कळेना. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. इतक्या दिवसांत मी त्याले नुसतं पोट समजून शिव्या देत होतो.

"दुसरा कोण खेळन मंग?" मी विचारलं.
"तुमाले माहीत असन ना. तुमी पाहता इतक्या वर्षांपासून."

हो, मले माहीत आहे. तहसिलीतला बबन. दरवर्षी टीमच्या मागच्या बाकावर बसून असते. गौतम नाही, पण पळते, अन् चिकट आहे. गौतमले रोखणार नाही, पण सुखानं खेळू देणार नाही. त्याचं माप माह्याकडं आहे. हिरवं कापड उरलं आहे.

जवाई गेला, शर्ट ठेवून. जाताना माह्या पाया पडला! जवाई शिंप्याच्या पाया पडते का कुठं?

सगळी उमर ओरडत आलो का एकदा टीम माह्या हातात द्या, मंग दाखवतो. आता खरंच हातात आहे. उसवलेली, घामाचा वास येणारी. दोन टाके घातले तर जवाई मधात उभा, अन् गौतम जिंकते. नाही घातले अन् पाच बबनले शिवला तर सलीमभाईच्या पुढं कोणीतरी उभं राहते, अन् गौतमचे पाय बांधायले माणूस मीच पाठवला असं होते. त्याच्या मायच्या घरी चहा प्यायले कोणत्या तोंडानं जाऊ मंग?

सौ. विचारते, "आज कोणाकडून ओरडणार?" तिले म्हटलं, गप बस. मंग म्हटलं, माहीत नाही.

तीन वाजता सेक्रे.चा माणूस शर्ट न्यायले येणार. साचा काढून ठेवला. सुईत हिरवा दोरा ओवला. मशीनवर डावीकडं जवायाचा शर्ट, उजवीकडं बबनच्या मापाचं कापड.

पाय अजून मशीनच्या पायडलवर नाही, खाली जमिनीवरच आहे.