गोल खिडकीतला समुद्र

मुंबई, ता. ६ फेब्रुवारी १९२७

तीर्थस्वरूप सौ. प्रमिलाअक्कास,
अभिमनचे शि. सा. नमस्कार वि. वि.

जळगावचा स्टुडिओ बंद ठेवून इथे आलो आहे. आपल्याकडचा कापूस घेणारे दलिचंद शेठ तुला माहीत आहेत. त्यांच्या जिनिंगमधले अंधारातले फोटो मी काढले होते, म्हणून त्यांनी बोलावलं. त्यांची एक याट आहे, म्हणजे सहलीची शिडाची बोट. मुलाच्या हट्टापायी एका साहेबाकडून घेतलेली. तो मुलगा, सुरेशचंद, गेल्या साली विषमज्वराने गेला. आता बोट विकायची आहे. त्याआधी त्याच्या निजायच्या खोलीचा फोटो त्याच्या आईला, लाडकुंवरबाईंना, हवा आहे. पडल्या पडल्या त्याला गोल खिडकीतून समुद्र दिसायचा, तो फोटोत दिसलाच पाहिजे म्हणतात.

तिथेच घोडं अडलं आहे. खोली दिसेल इतका वेळ भिंग उघडं ठेवलं, तर खिडकी पांढरीफटक होते. समुद्र दिसेल इतकाच वेळ ठेवलं, तर खोली काळीकुट्ट. उजेडासाठी पावडरचा भडका करावा, तर बोटीच्या व्हार्निशजवळ खलाशी तो करू देत नाहीत, आणि त्या उजेडात खोली परकीच दिसते. तीन प्लेटा फुकट गेल्या.

बाई रोज येऊन बसतात. त्यांना पाहिलं की तुझा वना आठवतो. त्या दिवाळीला फोटो काढायला येतो म्हणालो, कामात अडकलो, आणि संक्रांतीला तो गेला. दोन वर्षं हे लिहायचा धीर झाला नाही. रागव, पण उत्तर पाठव.

तुझा अपराधी भाऊ,
अभिमन

धुळे, ता. १० फेब्रुवारी

चि. अभिमनास अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

रागावले होते, खोटं कशाला लिहू. वनाला नवा सदरा घालून तीन दिवस बसवलं होतं. मामा कोणत्या गाडीने येईल, असं तो विचारायचा. पण तू मुद्दाम चुकला नाहीस, हेही कळतं. आता त्याचा चेहरा आठवायला डोळे मिटावे लागतात, आणि कधी कधी मिटूनही नीट दिसत नाही. म्हणून सांगते, त्या माउलीचं काम अर्धवट टाकून येऊ नकोस.

आमची कुंदा दीड वर्षाची झाली. बठ्ठं घर पालथं घालते. तिचा फोटो काढू का, असं तू मागे विचारलंस. सासूबाई म्हणतात, फोटू काढा का उमर कमी व्हस. पण त्यांचं नुसतं नाव, मलाच भीती वाटते. तेवढं सोडून बोल.

तिथे कळण्याची भाकरी मिळायची नाही, तरी वेळेवर जेव.

तुझी वाट पाहणारी,
अक्का

मुंबई, ता. १५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. काम झालं. एकाच प्लेटवर दोनदा उजेड घेतला. आधी खिडकीवर बाहेरून काळं कापड टाकलं, आणि छताच्या काचेतून येणाऱ्या दुपारच्या उजेडात भिंग दीड मिनिट उघडं ठेवलं. बोट डुलते, पण कॅमेरा आणि खोली तिच्याबरोबरच डुलतात, म्हणून खोली स्वच्छ आली. मग भिंग झाकलं, कापड काढायला लावलं आणि समुद्रासाठी क्षणभरच उघडलं. कापड काढायला बाई स्वतः वर गेल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या की उशी त्याने टाकली तशीच आहे, समुद्रही आहे, फक्त सगळं फार शांत आहे. तो असता तर इतका वेळ इथलं काही जागेवर राहिलं नसतं.

परवा निघतो म्हणत होतो, पण तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला येऊ का? कॅमेरा आणणार नाही.

माया असू द्यावी.
अभिमन

धुळे, ता. १९ फेब्रुवारी

चि. अभिमनास आशीर्वाद वि. वि.

ये, आणि कॅमेरा घेऊन ये. बाईंचं बोलणं मनातून जात नाही. सासूबाईंना सांगितलं, तर त्या कुंदाचं झबलं धुवायला घेऊन बसल्या. माझी भीती गेलेली नाही. ती असू दे, तू ये.

कुंदा दीड मिनिट काय, दीड पळही बसायची नाही. हललं की फोटो पुसट येतो म्हणतात. येऊ दे. पोर हलत होती, एवढं तर दिसेल.

गाडी कळव, आम्ही तिघी स्टेशनावर येऊ.

तुझी
अक्का