पोह्याच्या डब्यातली कॅसेट

बाबा,

परवा आर्णीला एका लग्नात ते गाणं वाजलं. गुप्तहेराच्या सिनेमाचं, सुरुवातीला शिट्टी असलेलं. आता त्याला ढोलाचा नवा साज चढवलाय, पण शिट्टी तीच आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी पन्नाशीकडे झुकले, तरी ती शिट्टी ऐकून माझ्या हातातली जिलबी ताटात पडली. शेजारच्या खुर्चीवर माझी शाळेतली मैत्रीण बसली होती, पांढरकवड्याच्या गॅरेजवाल्याची मुलगी. तीस-बत्तीस वर्षांनी आम्ही एकमेकींशी बोलत होतो. ती म्हणाली, "तुह्या बाबाले सांगतलं होतं का मंग तू? खरं काय झालतं ते?" मी म्हटलं, "हो, सांगितलं." तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता, आलेल्या मालाची प्रत ठरवणारे. संशय घेणं हे तुमचं कामच होतं आणि ते तुम्ही मन लावून केलंत. जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागायची. तुम्ही वरचा पांढरा कापूस बघायचातच नाही, सरळ कोपरापर्यंत हात आत घालायचा. खालून मूठभर ओढून काढायची, दाबून सोडायची, फुलते की दबलेलीच राहते ते बघायचं. मग एक सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर कोरडी, नाही वाजली तर पाणी मारलेला माल. "वरून सारेच पांढरे असतात," असं तुम्ही म्हणायचात. हा हात घरीही स्वस्थ बसत नसे. वाण्याकडून आलेली तुरीची डाळ, गव्हाचं पोतं, आईनं उन्हात वाळवलेल्या कुरडया, सगळ्यांत तुम्ही तळापर्यंत हात घालून बघायचात. आई वैतागायची. "लग्नात मलेही असंच तपासून घेतलं यायनं," असं शेजारणीला सांगायची, आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात.

मी नववीत होते त्या वर्षी भाव पडला होता, अळीनं बोंडं खाल्ली होती, आणि केंद्रावर जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होता. शेतकऱ्यांना वाटे ग्रेडर विकला गेलाय, ग्रेडरला वाटे शेतकऱ्यानं माल भिजवलाय, आणि तोलाईवाल्यावर तर दोघांचाही भरवसा नव्हता. त्याच हंगामात तो सिनेमा आपल्या टॉकीजला लागला. गाणारी बाई टीव्हीवरच्या पॉप गाण्यांची, सिनेमात पहिल्यांदाच गायलेली. आधी शिट्टी, मग बुटांचा आवाज, मग ती कानाशी लागून सांगते की तुझ्यावर कोणाचा तरी डोळा आहे, सावलीचाही भरवसा धरू नकोस. हायवेवरच्या ट्रकांत, सलूनमध्ये, पानठेल्यावर, जिकडेतिकडे तेच. तुम्ही एकदा थांबून पूर्ण ऐकलंत आणि म्हणालात, "हे बाई गाते का चुगली करते?"

आम्ही दोघी मैत्रिणी मात्र त्या गाण्यानं वेड्या झालो होतो. मधल्या सुटीत शिट्टी वाजवत पीटीच्या सरांचा माग काढायचो. आठवडाभर पाठलाग केल्यावर एवढंच कळलं की सर बायकोला चोरून आलूबोंडे खातात. तिच्या अब्बांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि गावाबाहेर आठ एकर कापूस. एक ट्रकवाला त्या सिनेमाची कॅसेट गॅरेजवर विसरून गेला होता, ती तिच्याकडे आली. मग ती माझ्याकडे आली. कशी आली ते मी शेवटी सांगते. आपल्याकडे टेप होता, पण फुकटची वस्तू घरात आणायची नाही हा तुमचा नियम. कोणी साधी संत्री पाठवली तरी तुम्ही सायकलवर टांग टाकून परत देऊन यायचात. म्हणून मी कॅसेट पोह्यांच्या मोठ्या डब्यात, अगदी तळाशी लपवली. सगळ्या घरात मला तीच जागा सापडली, ग्रेडरच्या मुलीला!

शुक्रवारची सकाळ. आई कांदा चिरते आहे, मी वेणी घालते आहे. तुम्ही स्वयंपाकघरात येता, डबा उघडता, "खालचे पोहे सादळले तं नाही?" म्हणत कोपरापर्यंत हात घालता, आणि हात बाहेर येतो तो कॅसेट घेऊन. आई हसली. तुम्ही हसला नाहीत. कॅसेटवरचे पोहे एकेक करून झटकलेत.

"कोणं देल्ली?"

मी मैत्रिणीचं नाव सांगितलं.

"काहून देल्ली?"

"अशीच."

"अशीच कोणी कोणाले काही देत नाही. बाप काय करते तिचा?" मी गॅरेज सांगितलं, आठ एकर सांगितले. तुमचे डोळे बारीक झाले. "त्याचा ट्रॅक्टर काल लागला रांगेत. पोरीच्या हातानं पाठवते! उद्या पाहतो त्याले." आई म्हणाली, "अहो, पोरींचा खेळ आहे." तुम्ही म्हणालात, "तुले नाही समजत." मी वेणी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती. दर शनिवारसारखी मी तुमचा डबा घेऊन केंद्रावर आले, म्हणून सगळं माझ्यासमोरच झालं. तुम्ही मैत्रिणीच्या अब्बांच्या ट्रॅक्टरजवळ गेलात, शर्टाच्या खिशातून कॅसेट काढलीत, रांगेतल्या सगळ्यांना दिसेल अशी वर धरलीत. "हे तुमचं. माह्या घरी असं चालत नाही." त्यांना आधी कळलंच नाही. मग ते ऑइलनं काळे झालेले हात पुसत म्हणाले, "साहेब, बच्चीनं देल्ली असन. दोघी सहेली हाय. मले तं मालूमच नाही." एवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी डबा छातीशी धरून कडुनिंबाखाली उभी होते. त्यांनी तिथंच विषय सोडून कॅसेट घेतली. रांगेत हशा झाला, आणि कोणीतरी त्या गाण्याची शिट्टी सुरू केली. मग आणखी एकानं, मग पाच-सहा जणांनी.

तुम्ही हात घातलात, मूठ काढलीत, दाबलीत, सरकी दाताखाली धरलीत. मी कान टवकारून होते. मला कट्ट ऐकू आलं. आलंच, असं मला आजही वाटतं. पण शिट्ट्या चालू होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "ओला आहे. एक ग्रेड खाली." बाबा, तो कापूस खरंच ओला होता का? की हात घालायच्या आधीच तुमचं ठरलं होतं? आणि हे विचारायला जीभ अडखळते, पण विचारते. गॅरेजवाल्याऐवजी आपल्या आळीतला, आपल्या नात्यागोत्यातला कोणी असता, तर कॅसेट एवढी उंच धरली असती का? इतकी वर्षं मी तुमच्याच कापसात हात घालून बघते आहे आणि मूठ काही नीट हाती लागत नाही.

त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव 'कॅसेटवाले' पडलं. पुढच्या वर्षी ते केंद्रावर आलेच नाहीत, पडेल त्या भावात खासगी व्यापाऱ्याला कापूस घालून मोकळे झाले. मैत्रीण बाक बदलून मागे जाऊन बसली. आणि दिवाळीला तुम्ही मला तीच कॅसेट आणलीत, नवी कोरी, आत दुकानाची पावती घडी करून ठेवलेली. "तुले पाहिजे होती तं मले सांगाचं. माह्या पोरीले कोणाचं काही घ्याची गरज नाही." तुम्ही हे इतक्या मायेनं म्हणालात की मी रडले. तुम्हाला वाटलं आनंदानं रडते. ती कॅसेट मी एकदाही लावली नाही.

तर आता सांगते. मैत्रिणीनं कॅसेट दिली नव्हती, मी मागितली होती. शाळेच्या नळावर तिला म्हटलं होतं, "तुमचा ट्रॅक्टर लागला की मी बाबांजवळ बोलते. ते माझं ऐकतात. पण ती कॅसेट मला दे." ती दोन दिवस विचारात होती, तिसऱ्या दिवशी दप्तरातून काढून तिनं माझ्या हातात ठेवली. तुमच्याजवळ बोलायची माझी काय टाप होती! तिला फसवलं ते वेगळंच. म्हणजे तुमचा संशय खरा होता, बाबा. ग्रेडरच्या नावावर वस्तू घेतली गेली होती, फक्त ती घेणारी तुमच्याच घरात वेणी घालत बसली होती. साऱ्या जिल्ह्याच्या कापसात तुम्ही हात घातलात, आणि मला वरून पांढरी बघितलंत आणि पुढे गेलात.

लग्नात मी "सांगितलं" म्हटल्यावर तिनं विचारलं, "मंग काय म्हणले?" मी म्हटलं, "काही नाही. गप्प बसले." ती मान हलवून म्हणाली, "अब्बाबी गप्पच बसले. म्या त्यायले सारं सांगून टाकलं होतं, त्याच दिवशी, घरी आल्यावर. म्या म्हटलं, जा, साहेबाले सांगा. तं म्हणे, नाही. बापासमोर त्याच्या पोरीचं नाव खराब नाही कराचं." मग तिनं माझ्या ताटात पडलेली जिलबी उचलून मला दिली आणि म्हणाली, "खा. थंडी होते."

म्हणून लिहिलं, निदान तिला सांगितलेलं खोटं अर्धं तरी खरं व्हावं. पण तेही तुम्ही वाचणार नाही हे पक्कं ठाऊक आहे म्हणूनच जमलं. आज तुम्ही असता, आणि हातातले पोहे झटकत विचारलं असतंत, "कोणं देल्ली?", तर मी पुन्हा तिचंच नाव सांगितलं असतं.