दाराबाहेरचं बटण

१२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. आपल्या घरचा, म्हणजे आधी हात जोडून आणि मग तुमच्याकडे उघडून.

तब्येत कशी आहे? रंधा मारताना अजून पाठ धरते का? नव्या खुर्च्यांचं काम घेऊ नका, असं सांगून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगितलं. आम्ही मजेत. तुमची नात अभ्यास करतेय, म्हणजे पुस्तक मांडीवर आणि डोळे खिडकीबाहेर. जावईबापू तुम्ही केलेल्या आरामखुर्चीत बसून रोज तुमची आठवण काढतात आणि तिथेच घोरतात.

व्हिडिओवर बोलायचं सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे नेटचा जरा घोळ चाललाय. शिवाय तुम्हाला पत्रं आवडतात.

बातमी अशी, की मी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरीसाठी अर्ज केलाय. इतकी वर्षं फ्रिज-पंख्यांच्या दुकानात बिलं फाडली, आता पुरे. पंचेचाळिशी आली, आता नाही तर कधी? काम माणसांशी बोलायचं आहे, बाकी भेटीत सांगेन. अर्जात ‘अनुभव’ या शब्दापाशी मी अडले. दुकानाचं दोन ओळींत संपलं. मग बराच वेळ पेन चावलं, आणि मग जे सुचलं ते पानभर लिहिलं.

मुलाखतीची तयारी घरात जोरात आहे. जावईबापू साहेब झाले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. “स्वतःतला एक दोष सांगा.” मी म्हटलं, नवरा निवडताना घाई केली. साहेबांनी गुण कापले. तुमची नात शेजारी बसून माझ्या चुका टिपत होती. म्हणाली, “आई, तू समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतेस. त्यांना वाटेल, आपल्या दातात काही अडकलंय.” आता जन्मभर चेहरे वाचले, ती खोड दहा-बारा दिवसांत कशी जाणार? परवा ह्यांना हाक मारायची म्हणून मी सवयीने जमिनीवर पाय आपटला, तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काही पडलं का विचारायला. लेक शांतपणे म्हणाली, “आई, आम्हाला ऐकू येतं.”

कपडे काढून ठेवलेत. गडद निळे, बिननक्षीचे. अंगठी काढली, नखं कापली, केस मागे घट्ट बांधणार आहे. मुलाखत चोवीस तारखेला. काळजी करू नका. ही नोकरी मला मिळणार, असं आतून वाटतंय.

तुमची,
खळी

*

२७ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. या वेळी नुसता जोडलेला. उघडायचा राहिलाय, तो समोर आल्यावर.

तुमची चिठ्ठी मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोचली. दोनच ओळी: “मुलाखतीला अंगठी कोण काढतं? तुझे हात कोणाला बघायचेत?”

ओळखलंत. मला वाटलं होतं, पडद्यावर दिसले तर तुम्ही चेहरा वाचाल, कागदाआड तरी लपता येईल. तुम्ही कागदसुद्धा वाचलात. नेट अगदी उत्तम चाललंय, बाबा.

तर सरळ लिहिते. नोकरी दुभाषीची आहे. ऐकू न येणारे पेशंट येतात, त्यांचं डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टरांचं त्यांना. हातांचंच काम. तुम्ही करू नको म्हणाला होतात तेच.

आई आजारी पडेपर्यंत तुमचे कान तीच होती. मग मी झाले. कॉलेजचं पहिलं वर्ष. त्या दिवशी डॉक्टरांनी फक्त आपल्या दोघांना आत बोलावलं आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझ्या वडलांना सांग.” मी सांगायला लागले. तुम्ही तोवर माझ्या चेहऱ्यावरून जे कळायचं ते कळून घेतलं होतंत, आणि पुढे होऊन माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बंद केलेत. घट्ट. तुमच्या तळव्याला पॉलिशचा वास होता. घरी आल्यावर म्हणालात, तुझे हात तुझ्या कामाला ठेव, लोकांची दुःखं उचलायला नको. तेव्हापासून खिशात वही आणि पेन्सिल घेऊन फिरलात. बँकेत, कोर्टात, दवाखान्यात, सगळीकडे. मला एकदाही बरोबर नेलं नाहीत.

मी त्याला माया म्हणत आले. होतीच ती. पण गेल्या वर्षी तुमच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी वहीत काहीतरी खरडलं, तेव्हा ते अक्षर तुम्हाला लागलं नाही. तुम्ही मान डोलावलीत, आणि सकाळची गोळी महिनाभर रात्री घेत राहिलात. नंतर त्यावर आपण हसलो. घरी परत येताना बसमध्ये मला हसू येईना. त्याच आठवड्यात मी सांकेतिक भाषेच्या वर्गाला नाव घातलं. आपल्या घरातल्या खुणा बाहेर अर्ध्याच चालतात, हे तिथे कळलं. वर्षभर शनिवार-रविवार शिकले. त्या वेळी ‘बाजारात गेले होते’ असं तुम्हाला सांगायचे.

आता मुलाखत. सुरुवातच अशी झाली, की सांगायची लाज वाटते. दार बंद होतं. बाहेर दाराशेजारी आतल्या दिव्याचं बटण. माझा हात आपोआप तिकडे गेला आणि मी टकटक करायची सोडून दिवा दोनदा लुकलुकवला, जसा तुम्ही कामाच्या खोलीत असताना बाहेरून लुकलुकवते. दार ढकललं, तर आत तिघं जण. मोठे साहेब शिपायाला म्हणाले, फ्यूज बघ रे. डॉक्टरीणबाईंनी छताकडे पाहिलं. तिसरे पांढऱ्या केसांचे मास्तर, कर्णबधिर शाळेतले, स्वतःही तुमच्यासारखेच. ते सरळ दाराकडे बघून पोट धरून हसत होते. मी बसायच्या आत त्यांनी हातांनी विचारलं, “घरात कोण, आई की वडील?” मी म्हटलं, वडील. सुतार. ते म्हणाले, “शिकवलंय चांगलं.”

मग परीक्षा. मास्तर पेशंटचे यजमान झाले, डॉक्टरीणबाई डॉक्टरच राहिल्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “त्यांना सांगा, की...” बाबा, मी त्यांना थांबवलं. म्हटलं, “माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघून बोला. मी इथे नाहीच असं समजा.” साहेबांचं पेन थांबलं. मला वाटलं, संपलं आपलं. डॉक्टरीणबाई खुर्ची फिरवून मास्तरांसमोर बसल्या आणि पहिल्यापासून बोलल्या.

“तुमच्या पत्नीचा आजार आता बरा होण्यापलीकडे गेलाय. पण त्यांना दुखू देणार नाही, तेवढं आमच्या हातात आहे.”

पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्याला वर्गात शिकलेली ‘दुखणं’ची खूण आठवेचना, आणि हातांनी आपली घरची खूण केली: अंगठ्यात गेलेलं कुसळ चिमटीत धरून उपटायचं. मास्तरांनी हात वर करून थांबवलं. “हे काय?” मी सांगितलं, वडील लाकडात काम करतात, आमच्याकडे दुखण्याला हेच म्हणतात. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर एकदा करून पाहिलं. मग म्हणाले, “इथे सगळ्यांची खूण वापरा. ही घरी ठेवा, चांगली आहे.” मी सगळ्यांची खूण करून वाक्य पुरं केलं.

ते पुरं केलं आणि तिथल्या तिथे मला आठवलं, आईच्या डॉक्टरांनीही दुसरं वाक्य म्हटलं होतं. जवळपास हेच. तुम्ही माझे हात धरलेत ते पहिल्या वाक्यावर. दुसरं माझ्या बंद मुठींतच राहिलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते तुम्हाला कुठूनतरी कळलंच असेल. कुठून कळणार? मग तुम्ही तिच्या उशाशी बसून तिच्या चेहऱ्यावरून नजर का हलवत नव्हतात, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या उमगलं. तुम्ही तिचं दुखणं शोधत होतात. ते नव्हतंच, बाबा. डॉक्टरांनी ते येऊच दिलं नव्हतं.

नोकरी मिळाली. एक तारखेपासून जायचंय, सुरुवातीचे सहा महिने मास्तर शिकवणार आहेत. जावईबापू गुण परत देतो म्हणाले. मी ही नोकरी करणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी करेन. पण तुम्ही हो म्हणालात, तर रोज बसमध्ये चढताना पाय हलका पडेल.

रविवारी येते. माझ्याकडे चावी आहे, तरी बाहेरचं बटणच दाबेन. दिवा लुकलुकला की उघडा. रागावला असाल तर रागवा, रागात तुमचे हात फार देखणे बोलतात असं आई म्हणायची. मी सगळं बघून घेईन. मग माझी पाळी. तुम्ही आत्ता ते दुसरं वाक्य वाचलंत खरं, पण ते कागदावर सांगायचं नाही. ते मी तुमच्यासमोर बसून सांगणार आहे, आपल्या खुणेने, कुसळ उपटून.

तेवढा वेळ माझे हात धरू नका.

तुमचीच,
खळी