मागच्या सीटवरचं वजन

९ फेब्रुवारी, रविवार

काय झालं ते आधी नुसतं लिहून ठेवते.

१. हायवेवर पेट्रोल भरायला थांबलो. चालवून बघायला भाड्याने आणलेली टूरिंग मोटरसायकल, लांबच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे एक मोठी पेटी.
२. नवऱ्याला सांगून मी टॉयलेटला गेले. हेल्मेट हातात. मोबाइल आणि पाकीट मागच्या पेटीत.
३. बाहेर आले. गाडी नव्हती.
४. चाळीस किलोमीटरवर तो चहाला थांबला. मी मागे नाही हे तिथे कळलं. असं त्याचं म्हणणं.
५. परत आला. पहिलं वाक्य: "अगं, तू बसली नव्हतीस?"

पंपावरच्या माणसाने खुर्ची दिली, फोनही दिला. दोनदा लावला. उचलला नाही. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही – चांगली सवय. पंपवाला धीर देत होता: "येतील हो ताई. मागच्या महिन्यात एकजण इथे कुत्रं विसरून गेला होता. पुढच्या रेल्वे फाटकापासूनच वळून आला!"

१० फेब्रुवारी

आमची एक पद्धत आहे. मागे नीट बसले की मी त्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारते. म्हणजे – बसले, नीघ. लग्नाआधीपासूनची. थापा लागल्याशिवाय त्याने कधी गाडी हलवलेली नाही.

"लागल्या मला थापा," तो म्हणतो. "शपथ!"

मी मारल्या नव्हत्या. मी नळाखाली हात धूत होते.

११ फेब्रुवारी

सासरी जेवायला. त्यानेच किस्सा सांगितला, हातवारे करून. छान सांगतो तो. सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणारी मी एकटी उरले असते.

नणंद: "वहिनी, एवढी हलकी झालीस? काय खातेस ते मलाही सांग!"

सासूबाई: "लांबच्या प्रवासात बाईने जरा घट्ट धरून बसावं."

कशाला धरून? मी गाडीवर नव्हते. कुणाला हे विचित्र वाटलं नाही. सासूबाईंनी वर भात वाढला.

१२ फेब्रुवारी

कुठली गाडी घ्यायची हे अजून ठरत नाही. एप्रिलमध्ये दोघांनी पाच आठवड्यांची रजा घेतली आहे. एक गाडी, दोघं, लांबचा रस्ता – तीन वर्षं याच गोष्टीवर काढली आम्ही. इतर गोष्टींवर बोलणं संपलं की हे काढायचं.

त्याला क्रूझर हवी. बुटकी सीट, पाय पुढे, रुबाब. मला टूरिंग. मी कारण मांडलं होतं: त्याच्या कमरेची गादी सरकलेली आहे. क्रूझरवर पाय पुढे गेले की पायांवर भार घेता येत नाही, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. टूरिंगवर ताठ बसता येतं, पायांवर उठता येतं. साधं आहे.

आता तो म्हणतो, "रविवारी जे झालं तो त्या गाडीचाच दोष. एवढी मोठी, एवढ्या पेट्या. मागे माणूस आहे की नाही पत्ताच लागत नाही. क्रूझरवर माणूस जाणवतो!"

म्हणजे मला पंपावर सोडून गेला, तोही क्रूझरच्या बाजूचा मुद्दा झाला. मानलं!

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रूझर आणली भाड्याने. मागची सीट दोन वह्यांएवढी. पहिल्या तासात डावा पाय बधिर. सांगितलं. "सवय होईल," म्हणाला.

पंपावर त्याचे दोन मित्र भेटले. एकाने विचारलं, "मोजून घेतलंस ना रे? बायको आहे का मागे?" त्याने मान मागे न वळवता हात मागे आणला आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा आपटला, रिक्षाचा टप आपटतात तसा. "आहे, आहे. माल जागेवर आहे!" तिघं हसले.

ते चहाला गेले तेव्हा मी पुढच्या सीटवर बसून पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. टूरिंगवर माझी फक्त बोटं टेकतात. स्टँड काढून गाडी सरळ धरली. धरवली. लायसन्स माझ्याकडे त्याच्याआधीपासून आहे; त्याने गाडी मात्र कधी हातात दिली नाही.

लांबूनच ओरडला, "उतर! पाडशील! सर्कशीतलं अस्वल दिसतेयस."

उतरले. स्टँड लावून, नीट.

रात्री त्याची कंबर धरली. मलम मीच लावलं. त्याने मुद्दा सोडला नाही.

१९ फेब्रुवारी

कारखान्यात पंख्याचं एक पातं चार ग्रॅमने जड निघालं. सगळा सांगाडा थरथरत होता. हेच माझं काम – जास्तीचं वजन कुठे आहे ते शोधायचं. चार ग्रॅम लपत नाहीत. मी चोपन्न किलोंची आहे.

२० फेब्रुवारी

म्हटलं, ठरवण्याआधी टूरिंग एकदा परत आणू. खूश झाला. त्याला वाटलं, मी हरण्याआधी शेवटचं बघून घेतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तीच गाडी, तोच रस्ता. उजव्या पेटीत पाण्याचे दोन कॅन ठेवले, तीन-तीन लिटरचे. डाव्या पेटीत कपडे. त्याला दाखवून भरलं सगळं.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. तो पैसे द्यायला गेला तेव्हा दोन्ही कॅन काढून झाडामागे ठेवले. पेटी बंद केली. मागे बसले. दोन थापा. निघालो.

पहिलं वळणही आलं नव्हतं. त्याने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "उजव्या बाजूचं काहीतरी पडलंय. गाडी हलकी लागतेय."

"सहा किलो," मी म्हटलं. "पाणी. मी काढून ठेवलं."

"का?"

मी वेळ दिला. तो हुशार आहे, त्याला फार वेळ लागत नाही. त्याने इंजिन बंद केलं. आधी चिडला: "माझी परीक्षा घेतेस? घरात पण कारखाना चालवतेस तू." मग: "तुझ्यासारखीबरोबर माणसाने राहायचं कसं?" मग हसून बघितलं. मी हसले नाही. या वेळी एकटी उरायला हरकत नव्हती.

विचारलं, "पंपावरून निघालास तेव्हा कळलं होतं?"

तो आरशाकडे बघत होता. आरशात मी होते.

"कळलं होतं."

"कधी?"

"निघतानाच. वाटलं, फाटकापर्यंत जाऊ आणि वळू. गंमत म्हणून. मग गाडी हलकी लागली गं. इतकी छान चालली. वळावंसंच वाटेना."

खोटं बोलत नव्हता. तीन वर्षांत इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. चिडून म्हणाला असता तर सोडून देता आलं असतं.

"फोन वाजलेला कळला होता?"

"हो."

एवढंच विचारायचं होतं. पाण्याचे कॅन परत आणायला गेलो. त्याने स्वतः पेटीत ठेवले, फार जपून, फुटणार असल्यासारखे. मी मागे बसले. दोन थापा मारल्या. त्याने गाडी हलवली नाही. मी परत दोन मारल्या.

२३ फेब्रुवारी

त्याने भांडी घासली. न सांगता. नणंदेचा फोन आला – "काय वहिनी, ठरलं का? क्रूझर की टूरिंग?" म्हटलं, ठरलं. "दादा जिंकला ना?" म्हटलं, हो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी शोरूममध्ये जाऊन आले. त्याला पाठवलेला मेसेज इथे उतरवून ठेवते.

"क्रूझर बुक केली. माझ्या नावावर, एक सीटची. मागची सीट काढून घ्यायला सांगितलं आहे. एप्रिलमध्ये मी निघतेय. टूरिंग तुझ्या कमरेला बरी, ती तू घे. मागे कोणी नसलं की हलकी लागते. परत आल्यावर मी या घरात राहणार नाही. घरमालकाला महिनाभर आधी सांगावं लागतं. घर तू एकटा ठेवतोस की सोडायचं, ते शुक्रवार, २८ तारखेपर्यंत कळव."