भाकरी थापताना बोलायचं नाही

आई, हल्ली रोज सकाळी मोबाईलवर कुणी ना कुणी सुविचार पाठवतं. शांत मनानं स्वयंपाक करा, अन्नात भाव उतरतात. वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गारखेड्याच्या त्या दोन खोल्यांत हेच तर तू शिकवायचीस. "भाकर थापताना बोलू नये बाई, मनातलं इख पिठात उतरतं," म्हणायचीस, आणि पिठाला हात लागला की तुझे ओठ मिटायचे. अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते तुला नेमके तेव्हाच मारायचे. पाठीत बुक्की, कानाखाली, कधी केस धरून डोकं भिंतीवर. तू हूं की चूं करायची नाहीस. भिंतीपलीकडच्या शेजारणीला फक्त भाकरी थापल्याचा आवाज जायचा. ती म्हणायची, "तुमच्या घरात लई शांती हाय बघा."

तुझा आणखी एक नेम होता. शाळेतून मी रोज एक नवा शब्द आणायचा, तो सांगितला की मगच ताटात पहिली भाकरी. एकदा मी 'सहनशील' आणला. तू अर्थ विचारलास. मी म्हटलं, "तुझ्यासारखं." तुझा ओठ सुजलेला होता. "ह्यो नको," तू म्हणालीस, "दुसरा आण." मला दुसरा सुचेना, तरी तू वाढलंस.

तो दुष्काळाचा उन्हाळा. समोर नव्या इमारतींचे स्लॅब पडताहेत, त्यांना पाणी आहे, आमच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा खरा. मी भरलेला हंडा उंबऱ्यात सांडते. अण्णा कमरेचा पट्टा काढून माझ्याकडे वळतात. तू भाकरी थापते आहेस. मला वाटतं, आता मीही गप्पच राहायचं असतं. पहिला फटका मांडीवर बसला आणि तू तव्यावर तापलेलं उलथनं उचलून त्यांच्या मनगटावर दाबलंस. चर्र झालं, कातडं जळल्याचा वास आला. अण्णा ओरडले, त्यांच्याहून मोठ्यानं तू. "लेकराला हात लावला तर हात जाळून टाकीन तुमचा! ऐका गं बायांनो, रोज मारतो ह्यो मला, रोज!" टँकरच्या रांगेतल्या बाया रिकामे हंडे घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला.

त्यानंतर अण्णांचा हात कुणावर उठला नाही. तू मात्र त्या जखमेला खोबरेल लावत रडायचीस, "माझ्या हातून काय झालं गं." मरेपर्यंत तुला त्याची लाज वाटली.

आता अण्णा माझ्याकडे असतात. थकलेत, ऐकू कमी येतं. मी रोज त्यांच्यासमोर बसून वाढते, आणि लोक म्हणतात, लेक किती मायेनं करते. हे पत्र मी तुझ्या फोटोपाशीसुद्धा ठेवणार नाही, कारण पुढचं तुला आवडणार नाही. माया-बिया काही नाही, आई. भाकरी मोडताना त्यांची बाही वर सरकते आणि मनगटावरचा डाग दिसतो. मी बसते ती तो बघायला. तो दिसला की मला जेवण गोड लागतं.