उरलेल्या तीन शिरा

७ ऑक्टोबर, सोमवार
शशांकला जाऊन पन्नास दिवस झाले. त्याचे बूट आज टाकले. इथे जपानात बूट जाळायच्या कचऱ्यात जातात — वॉर्ड ऑफिसने दिलेल्या कचऱ्याच्या तक्त्यात दोनदा बघून घेतलं.

९ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी वरच्या मजल्यावरच्या शिवानीचा फोन. "ताई, विवेकला रक्ताची उलटी झाली! डॉक्टर काय बोलतायत काही कळत नाहीये. येता का?"
तिच्या नवऱ्यासाठीही तेच हॉस्पिटल. डॉक्टरही तेच, नाकामुरा. शशांकचे. शशांकची बायको म्हणून मला ओळखलं, बराच वेळ वाकून उभे राहिले. मग कामाचं बोलले. मी मराठीत सांगत गेले — लिव्हर खराब झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, कधी फुटतात. तोंडातून दुर्बीण घालून फुटलेली शीर रबराच्या बारीक रिंगने बांधली आहे. रक्त थांबलंय. अजून तीन शिरा फुगलेल्या आहेत. त्या दोन आठवड्यांनी बांधायच्या, तेवीस तारखेला.
एकही शब्द शोधावा लागला नाही.

१२ ऑक्टोबर
भेटून आले. विवेकला फक्त पेज. "ताई, ह्यांना सांगा, मी दारू पीत नाही, मग ही शिक्षा कशाची?" नर्सला भाषांतर करून सांगितलं. ती हसली, पेज तीच ठेवली.

१७ ऑक्टोबर
विवेक घरी आला. शिवानीने डब्यातून शिरा पाठवला. अर्धा खाल्ला.

२१ ऑक्टोबर, सोमवार
शिवानीने चहाला बोलावलं. विवेकला तेवीस तारीख नको आहे. चोवीसचं पुण्याचं तिकीट आहे, दिवाळीचं.
"एकदम फिट आहे मी! आई वाट बघतेय. तिला तर काही सांगितलंही नाहीये. दिवाळी करून येतो, मग बांधा म्हणावं काय बांधायचं ते."
शिवानी म्हणाली, "ह्याला सांगून सांगून थकले मी."
"ताई, तुमचं जपानी मस्त आहे. एक फोन करा ना, नोव्हेंबरची तारीख मागा." त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.
उद्या करते म्हणाले. का म्हणाले?
शशांकचीही शिरा बांधायची दुसरी तारीख अशीच पुढे गेली होती. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. नवी तारीख यायच्या चार दिवस आधी शीर फुटली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
हॉस्पिटलला फोन केला नाही. वर गेले. विवेकला सांगितलं — शशांकची तारीख बदलायला फोन मीच केला होता. त्यालाही फिट वाटत होतं, आणि जपानी मलाच येत होतं. रिसेप्शनवरची बाई म्हणाली होती, किती सुंदर बोलता! मी खूश झाले होते. तेही सांगितलं.
शिवानीने माझ्यासमोरच तिकीट रद्द केलं.